तेरड्याचं चार महिन्यांचं गणित

पुण्यात बहुतेकांना तेरडा आठवतो तो गौरींच्या सुमाराला. मंडईत आणि उपनगरांतल्या चौकाचौकांत मुळासकट उपटलेल्या तेरड्याच्या जुड्या विकायला येतात, आवाहनाच्या दिवशी त्या घराघरांत जातात आणि विसर्जनाबरोबर त्यांचं काम संपतं. हाच तेरडा कुंडीत वाढवता येईल का, असं दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं. येतो, आणि फार छान येतो. मात्र जास्वंद, मोगरा, गुलाब सांभाळायची सवय असलेल्या माणसाचा तेरड्याच्या बाबतीत गोंधळ होतो. ती झाडं वर्षानुवर्षं राहतात, तेरडा राहत नाही. त्यांच्यासाठी आपण जे जे करतो, त्यातलं बरंचसं तेरड्याच्या उपयोगाचं नसतं. म्हणून आधी तो जगतो कसा ते पाहू. एकदा ते कळलं की पाणी किती, ऊन किती, खत कधी, हे प्रश्न निम्मे सुटतात.

तेरडा वर्षायू आहे. जूनच्या पावसात उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबरपर्यंत बी टाकायचं आणि मरून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. हळदीसारखा कंद त्याला नसतो, जास्वंदीसारखं लाकूड झालेलं खोडही नसतं. पुढच्या पावसाळ्यासाठी त्याची शिल्लक म्हणजे फक्त मातीत पडलेलं बी. जास्वंदीला एखादं वर्ष वाईट गेलं, फुलं आली नाहीत, तरी ती पुढच्या वर्षी भरपाई करते. तेरड्याला पुढचं वर्षच नसतं. त्यामुळे चार महिन्यांत मिळेल तेवढं ऊन आणि पाणी घेऊन ते शक्य तितक्या लवकर फुलांत आणि बियांत घालायचं, अशी त्याची सगळी रचना आहे. खोडात लाकूड तयार करायला तो वेळ घालवत नाही. ते खोड रसरशीत असतं, पाण्याच्या दाबावर उभं राहतं. उजेडासमोर धरलं तर आरपार दिसावं इतकं पारदर्शक असतं, म्हणूनच शाळेत विज्ञानाच्या तासाला लाल शाईच्या पाण्यात ठेवून पाणी वर कसं चढतं ते दाखवायला तेरड्याची फांदी घेतात.

या खोडाकडे रोप लहान असतानाच नीट पाहा. काही रोपांचं खोड फिकट हिरवं असतं, काहींच्या खोडावर, विशेषतः पेरांपाशी, गुलाबी-लालसर झाक असते. हिरव्या खोडाचं रोप बहुतेकदा पांढरी फुलं देतं, लालसर खोडाचं गुलाबी किंवा जांभळट. फुलाला रंग देणारं द्रव्यच खोडातही असतं. बियांच्या पुडीत सगळे रंग मिसळलेले असतील तर कुंड्यांत रोपं वाटताना याचा चांगला उपयोग होतो.

आता लावायचं कधी, ते. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण दोन ते सव्वादोन महिने लागतात. नुसती पावसाळी बाग हवी असेल तर जूनमध्ये पाऊस स्थिरावला की पेरा, प्रश्न मिटला. पण घरच्या तेरड्याच्या गौरी बसवायच्या असतील तर पंचांग बघावं लागतं, कारण तेरडा पावसावर चालतो आणि गौरी चंद्रावर. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे थेट १९ सप्टेंबरला. म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त फरक. लवकरच्या वर्षी जूनच्या मध्यापर्यंत बी मातीत गेलेलं हवं, उशिराच्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यातही चालतं. मी स्वतः एकाच वेळी सगळं बी पेरत नाही, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पेरते. पाऊस पुढेमागे झाला तरी एक तरी खेप वेळेवर सापडते.

बी घेताना एक गोष्ट बघून घ्या. नर्सरीत आणि बियांच्या दुकानात तेरडा ‘बाल्सम’ या नावाने मिळतो आणि पुडीतलं बी बहुधा दुहेरी, भरगच्च फुलांचं असतं. ते दिसायला गुलाबासारखं, पण त्यात पाकळ्यांची इतकी दाटी असते की कीटकांना मधापर्यंत पोचणं अवघड जातं. डोंगरउतारावर दिसतो तो एकेरी फुलाचा साधा तेरडा. शास्त्रीय नाव दोघांचं एकच, इम्पेशन्स बाल्समिना. भरगच्च फुलाचे प्रकार माणसांनी निवडून वाढवलेले. मला विचाराल तर एकेरीच लावा. फुलपाखरं आणि मधमाश्या त्यावरच जास्त येतात, बी भरपूर धरतं, आणि गौरीच्या जुडीत शोभतो तोही तोच. एखाद्या ओळखीच्या घरी, गावाकडे परसात असेल तर मूठभर बी मागून आणा. त्याहून चांगलं बी दुकानात मिळत नाही.

इंटरनेटवर तेरड्याचं बी आधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवा असा सल्ला कधी कधी वाचायला मिळतो. तो उत्तर अमेरिकेसारख्या थंड प्रदेशातल्या त्याच्या भावंडांसाठी आहे. तिथे हिवाळा उलटल्याशिवाय ते बी उगवत नाही. आपल्या तेरड्याला हिवाळ्याची नाही, पावसाची खूण लागते. कोरडं बी कागदी पाकिटात घरातच ठेवलेलं पुरतं.

पेरणी उथळ करा. पसरट कुंडीत किंवा ट्रेमध्ये भुसभुशीत माती भरून बी वर विखरायचं आणि वरून जेमतेम झाकलं जाईल एवढीच बारीक माती किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरायचं. पुण्याच्या जूनच्या हवेत आठवडाभरात कोंब दिसायला लागतात. या पहिल्या दोन आठवड्यांत खरा धोका एकच असतो, तो म्हणजे रोपं मातीलगत कुजून आडवी होणं. संध्याकाळपर्यंत ताठ असलेली रोपं सकाळी झोपलेली दिसतात आणि जवळून पाहिलं तर मातीला टेकणारा भाग काळपट, दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. ही बुरशी, आणि ती येते दाटीमुळे, साचलेल्या पाण्यामुळे. म्हणून बी विरळ टाका, ट्रे पावसाच्या थेट माऱ्यातून बाजूला पण उजेडात ठेवा, आणि पाणी झारीने हलकं घाला. एकदा आडवं झालेलं रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट उचलून टाका.

चार-सहा पानं आली की रोपं कायमच्या कुंडीत हलवायची. तेरड्याची मुळं तंतुमय आणि वरच्या थरात पसरणारी असतात, त्यामुळे खोल कुंडीची गरज नाही. आठ-दहा इंच खोली पुष्कळ झाली, रुंदी मात्र हवी. बारा इंची कुंडीत दोन किंवा तीन रोपं. लावताना खोड थोडं खोल गेलं तरी चालतं, कारण तळच्या पेरांतूनही मुळं फुटतात आणि रोप वाऱ्यात पक्कं उभं राहतं. मातीचं म्हणाल तर दोन भाग नर्सरीतली लाल माती किंवा पोयटा, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. आपल्या बसाल्टची काळी माती एकटी भरू नका. ती पाणी धरून ठेवते, भर पावसात चिखल होते, आणि वाळली की तडकते.

निचऱ्यावर मी इतका भर का देते, ते डोंगरावरच्या तेरड्याकडे पाहिलं की कळतं. सिंहगडाच्या उतारावर, मुळशी-ताम्हिणीच्या वाटेवर तो जिथे दाट फुललेला दिसतो तिथे पाऊस पुण्याहून जास्त पडतो. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, ताम्हिणीकडे तर हजारांत. तरी तिथला तेरडा कुजत नाही, कारण जागा उताराची असते आणि खाली मुरूम आणि दगड. पाणी सतत येतं आणि सतत निघून जातं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीत पाणी साचलं की मातीतल्या पोकळ्या भरतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मरायला लागतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी धरते. त्यामुळे कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाका, आणि तळाचं भोक मातीने बुजलं नाही ना, ते काडी घालून अधूनमधून बघा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट नव्या माणसाला हमखास घाबरवते. पावसाने उघडीप दिली, दुपारी कडक ऊन पडलं की तेरड्याची पानं लोंबायला लागतात. माती ओली असूनही. आपण धावत जाऊन आणखी पाणी घालतो. खरं तर त्या वेळी पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांनी पाणी ओढण्याच्या वेगापेक्षा जास्त झालेला असतो, एवढंच. पानं पातळ, खोड पाण्याच्या दाबावर उभं, त्यामुळे दाब जरा उतरला की लगेच दिसतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर रोप आपोआप ताठ होत असेल तर काळजीचं कारण नाही. संध्याकाळीही लोंबलेलंच असेल तर मातीत दोन पेरं बोट घालून बघा. कोरडी लागली तर पाणी हवं आहे. ओली आणि वास मारणारी लागली तर मुळं कुजली आहेत आणि पाणी घालणं हा उपाय नाही; कुंडी पावसातून आत घ्या, माती सैल करा आणि दोन-तीन दिवस पाणी थांबवा. वाचलं तर वाचलं.

उन्हाबद्दल लोकांचा उलटा समज असतो. कोवळं, रसाळ रोप दिसलं की त्याला सावलीत ठेवायची इच्छा होते. पण हे उघड्या माळावरचं रोप आहे. पावसाळ्यातलं पुण्याचं ऊन ढगांतून गाळून येतं, त्यामुळे जूनपासून सप्टेंबरपर्यंत जितकं मिळेल तितकं ऊन त्याला सोसतं आणि हवंही असतं. रोज चार-पाच तास तरी थेट ऊन पडेल अशी जागा निवडा. पूर्वेची किंवा पश्चिमेची बाल्कनी, नाहीतर गच्ची. सावलीत ठेवलेलं रोप मरत नाही, पण उजेडाच्या शोधात उंच पळतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, खोड लुकडं होतं आणि फुलं मोजकीच येतात. फुलं पानांच्या बगलेत येतात हे लक्षात घ्या. जितकी पानं जवळजवळ तितक्या फुलांच्या जागा जवळजवळ, आणि मग खोड वरपासून खालपर्यंत फुलांनी मढल्यासारखं दिसतं. याच कारणाने मी तेरड्याचा शेंडा खुडत नाही. शेवंतीला शेंडा खुडल्याने फायदा होतो. तेरड्याची मुख्य शोभा सरळ खोडावरच असते.

खताचं थोडक्यात सांगते. लावताना घातलेलं शेणखत आणि कळ्या दिसायला लागल्या की एकदा मूठभर गांडूळखत, बस. युरियासारखं नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार होतात, फुलं लांबतात, आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड येते. चार महिन्यांच्या झाडाला पंधरा दिवस लांबलेली फुलंही महाग पडतात.

फूल उमललं की ते एकदा हातात घेऊन बघावं असं आहे. वर एक टोपीसारखी पाकळी, खाली दोन बाजूंना पंखांसारख्या जोडपाकळ्या, आणि मागे वळलेली बारीक नळी. या नळीच्या टोकाला मध असतो. तो प्यायला कीटकाला फुलाच्या तोंडात शिरावं लागतं आणि शिरताना त्याची पाठ वरच्या बाजूला घासते. तिथेच परागकोश असतात, पाचही एकमेकांना चिकटून त्यांची पांढरी टोपी झालेली. या टोपीखाली स्त्रीकेसराचं टोक झाकलेलं असतं. आधी पराग वाटले जातात, मग ती टोपी अख्खी गळून पडते आणि आतलं हिरवं टोक उघडं होतं. आता ते दुसऱ्या फुलावरून आलेले पराग घेऊ शकतं. म्हणजे प्रत्येक फूल आधी नर आणि नंतर मादी असतं, आणि स्वतःचेच पराग स्वतःवर पडणं टळतं. एकाच झाडावर दोन्ही अवस्थांतली फुलं शेजारीशेजारी सापडतात. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी फरक डोळ्यांना दिसतो. तेरड्याचे रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलाच्या बाबतीत साधारण बरोबर आहे, झाड मात्र आठवडेच्या आठवडे नवी फुलं देत राहतं.

पानांवर येणाऱ्या पाहुण्यांत एक अळी ठळक असते. काळपट अंग, दोन्ही बाजूंना पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची रांग, डोळ्यांसारखे दिसणारे ठिपके आणि शेपटीला शिंगासारखा काटा. ती विषारी वाटते, पण चावत नाही आणि डसतही नाही. ही एका पतंगाची अळी आहे आणि तेरडा तिच्या आवडीच्या खाण्यांपैकी एक. दोन-तीन अळ्या असतील तर राहू द्या; भर पावसात तेरडा खाल्लेली पानं पटकन भरून काढतो. फारच झाल्या तर हाताने उचलून एकाच कुंडीवर गोळा करून ठेवा. औषध फवारू नका, कारण तेच औषध फुलांवरच्या मधमाश्यांनाही लागतं. देठांवरच्या बारीक ग्रंथींतून गोड द्रव झिरपतो, त्यासाठी मुंग्या येतात. त्यांनाही हाकलायचं कारण नाही. सप्टेंबरअखेर दिवस कोरडे आणि रात्री दमट व्हायला लागल्या की पानांवर पांढरी पावडर टाकल्यासारखी भुरी दिसते. तोवर झाड बोंडं धरण्याच्या मार्गाला लागलेलं असतं. खालची खराब पानं तोडायची, हवा खेळती ठेवायची आणि पुढे जायचं.

आणि आता बोंडं, म्हणजे तेरड्याचा सगळ्यात मोठा खटाटोप. फुलं गळल्यावर बारीक लव असलेली, दोन्ही टोकांना निमुळती हिरवी बोंडं लोंबायला लागतात. लहानपणी ती चिमटीत धरून फोडली नाहीत असा माणूस विरळा. आत काय घडतं ते असं. बोंडाची भिंत पाच पट्ट्यांची असते, शिवणीने एकमेकींना जोडलेल्या. पट्टीच्या बाहेरच्या पेशी पाणी पिऊन फुगायला बघतात, आतला थर त्यांना फुगू देत नाही. त्यामुळे प्रत्येक पट्टी दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखी ताणात असते. बोंड पिकलं की शिवणी कमकुवत होतात. मग वाऱ्याचा झोत, पावसाचा थेंब, तुमचं बोट, काहीही पुरतं. शिवण सुटते, पाचही पट्ट्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि काही मिलिसेकंदांत बी दूर उडतं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही ताकद पाण्याच्या दाबातून येते. तीळ किंवा तूर वाळल्यावर तडकते, तेरड्याचं बोंड ओलं, जिवंत असतानाच फुटतं. बोंडं झाडावर वाळू देऊन मग बी काढू, असं म्हणून थांबलात तर हाती रिकाम्या गुंडाळ्या लागतील.

बी धरायची रीत सोपी आहे. बोंड टम्म फुगून गडद हिरव्याचं फिकट, किंचित पिवळसर झालं की ते तयार असतं. अख्खी मूठ त्याभोवती बंद करा आणि मगच देठापासून तोडा; ते मुठीतच फुटेल. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या मलमलीची किंवा पातळ ओढणीची छोटी पिशवी करून बोंडांच्या झुपक्याला सैल बांधून ठेवायची. आतल्या बिया तपकिरी-काळसर, गोलसर हव्यात. पांढरट असतील तर कच्च्या आहेत. सावलीत कागदावर आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात भरा, वर रंग आणि वर्ष लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी येते.

हे बी धरणं जमलं की गौरींच्या जुडीचा प्रश्नही वेगळा दिसायला लागतो. डोंगरावरून मुळासकट उपटलेला तेरडा भाद्रपदात येतो, म्हणजे नेमका फुलाला आलेला पण बी टाकायच्या आधीचा. कंद असलेली वनस्पती वरून तोडली तर पुढच्या वर्षी पुन्हा फुटते. वर्षायूला ती सोय नाही. एका उतारावरून दर भाद्रपदात भरपूर रोपं गेली की त्या जमिनीतला बियांचा साठा तेवढा आटतो. तेरडा काही दुर्मिळ नाही, आणि परंपरेबद्दल माझी तक्रारही नाही. तेरड्याची गौर मला फार जवळची आहे. पण आठ-दहा कुंड्यांत एका घराच्या गौरी सहज होतात, शेजारच्या दोन घरांनाही जुडी देता येते, आणि मागे एक-दोन रोपं बियांसाठी ठेवता येतात.

शिवाय डोंगरावर जे गुलाबी दिसतं ते सगळं हाच तेरडा नसतो. सह्याद्रीत त्याची कितीतरी भावंडं आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, जे २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं, लहान चणीचे गुलाबी तेरडे गालिच्यासारखे पसरलेले असतात. महाबळेश्वरच्या बाजूला पिवळा तेरडाही आहे. यातले काही पश्चिम घाट सोडून जगात कुठेच होत नाहीत. त्यांना ओला कातळ, धुकं आणि गार हवा लागते, पुण्याच्या कुंडीत ते तग धरत नाहीत. त्यांचे फोटो काढा. रोपं आणि बी जागेवर राहू द्या.

ऑक्टोबरची हीट सुरू झाली की तेरडा पिवळा पडतो. या वेळी पाणी, खत, सावली यांतलं काहीही करून तो लांबवता येत नाही, त्याचं काम झालेलं असतं. रोपं तोडून कंपोस्टमध्ये टाका. भुरी फार असेल तर कचऱ्यात द्या. कुंडीतली माती मात्र फेकू नका आणि खोल उकरूही नका, कारण तुम्ही कितीही मुठी बंद केल्या तरी बरंचसं बी तिच्यात उडालेलं असतं. हिवाळ्यात त्याच कुंडीत वरच्या वर मेथी किंवा कोथिंबीर होऊन जाते. उन्हाळ्यात कुंडी कोरडी पडू दिली तरी चालतं. जूनच्या पहिल्या चांगल्या सरींनंतर त्यात दाटीने कोंब वर येतील. दोन-तीन धडधाकट ठेवून बाकीचे अलगद उचला आणि दुसऱ्या कुंड्यांत लावा.